डोळ्यांत तेल

पिकू बेटाच्या दक्षिणेला, कड्याच्या अगदी कडेवर
काळ्या लाव्हाच्या दगडांचं एक खोपट आहे.
खिडकी नाही, फट आहे,
पत्रपेटीला असते तशी, पण माणूसभर लांब.
त्या फटीमागे बेलार्मिनु काका बसला
बावन्न वर्षं, मधली तीन सोडून.

सोळाव्या वर्षी त्याला होडीत जायचं होतं,
पुढच्या टोकाला, भाला घेऊन,
थोरल्या ग्वाल्तेरसारखं.
तांडेलानं त्याला धक्क्यावर उभं केलं, विचारलं,
त्या लांबच्या जहाजावर काय दिसतं?
काका म्हणाला, एक बाई कपडे वाळत घालतेय.
आत्ता तिचा मोजा पडला.

झालं.
असले डोळे होडीत घालून भिजवतो कोण?
त्याला वर पाठवलं.
माणसाचा गुण त्याच्या आड येतो तो असा,
पाठीवर थाप मारत.

डोळ्यांत तेल घालून बसायचा तो.
खाली बंदरावर मोठ्या कढयांत तेल उकळायचं,
गावाच्या पावाला, उशांना त्याचा वास.
क्षितिजाशी फवारा उडाला की हा दारूचा बाण सोडायचा,
बलेया! बलेया!
आणि माणसं कुदळी टाकून,
न्हाव्याकडची अर्ध्या दाढीनं
पळत सुटायची.
मग दुर्बीण लावून, संध्याकाळपर्यंत,
तो आपल्या एकुलत्या एका भावाला
पाण्यात पाहायचा.

मी ग्वाल्तेरची मुलगी. शाळेत शिकवते, रात्री गोष्टी लिहिते.
काकाला तीनदा लिहिलं.
पहिल्या गोष्टीत तो होडी चोरतो.
दुसरीत बोस्टनला जातो, तिथेच राहतो.
तिसरीत बाबा बुडतात आणि भाला त्याच्या हाती येतो.
ती फाडली. बाबा तेव्हा पलीकडच्या खोलीत खोकत होते.

गोष्टीतल्या माणसाला स्वप्न दिलं
की ते पुरं करा, नाहीतर मोडा;
अधेमधे ठेवायला जागा नसते.
काकानं ते खोपटातच ठेवलं होतं,
पावाच्या फडक्यात, कांद्याशेजारी.

शिकार बंद झाली. तीन वर्षं तो घरी बसला,
अंगणातून समोरच्या चर्चचं घड्याळ बघत,
मिनिटकाटा हलला की सांगायचा.
मग परदेशी माणसं आली, कॅमेरे घेऊन,
आणि रबरी होडीवाली इदालिना.
तिनं त्याच्या हातात वायरलेस दिला.
तेच खोपट, तीच फट, तीच आरोळी.
होड्या आता रिकाम्या परततात
आणि लोक त्याचे पैसे देतात.
काकाला हे बरेच दिवस झेपलं नाही.
नंतर म्हणाला, बरं आहे. उद्या मोजायला उरतात.

गेल्या सप्टेंबरात, एकाहत्तराव्या वर्षी,
इदालिनानं त्याला खाली उतरवलं,
नारिंगी जाकीट चढवलं, होडीत घातलं.
पुढच्या टोकाला.

दोन मैलांवर तो तिला म्हणाला,
इथून तर काहीच दिसत नाही गं.
लाट, आणि लाटेमागे लाट.
ग्वाल्तेर जायचा तरी काय बघून?
इदालिना म्हणाली, तुमचा बाण.

काका काही बोलला नाही.
तेवढ्यात शेजारचं पाणी काळं झालं, वर आलं,
आणि देवमाशानं श्वास सोडला
त्याच्या तोंडावर.

रात्री मी वही घेऊन बसले. कसं वाटलं?
त्यानं खूप वेळ विचार केला.
घाण वास येतो, म्हणाला,
कुजक्या कोबीसारखा.
बावन्न वर्षांत एकानं सांगितलं नाही मला.

मग उठला, बाबांच्या खोलीत गेला
तो सदरा न बदलता,
आणि दार लोटून घेतलं.
भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला,
किंवा हसणं, दोघांचं.

चौथी गोष्ट इथे अडली आहे.